बंद जाळ्यातून जाणारे पत्र

श्रीपेरुंबुदूर हे चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील कारखान्यांचे गाव होय. तेथील एखादे रुग्णालय आपण कल्पनेत आणू. तपासणीचा अहवाल तयार होताच त्याच्या संकेतस्थळाने रुग्णास ई-मेलने तसे कळवावयाचे आहे. परंतु हे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर चालते, त्याच्या बाहेर जाणाऱ्या वाटा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. मग पत्र जावे कसे?

वाटा बंद का ठेवाव्यात, हे दिल्लीच्या उदाहरणावरून कळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरांवर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली व रुग्णांच्या नोंदी अनेक दिवस हाताने कराव्या लागल्या. जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत सांगितले. एका खोलीत शिरलेल्या चोराला सारे घर मोकळे मिळाले, तर नुकसान एका खोलीपुरते राहत नाही.

ई-मेल पोहोचविण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. त्यांस एसएमटीपी म्हणतात. सर्व्हरला क्रमांक दिलेली अनेक दारे असतात. त्यांस पोर्ट हे नाव आहे. टपाल-सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या दाराने बोलतात. नवे पत्र टपालात टाकण्यासाठी १९९८ साली ५८७ हे निराळे दार नेमण्यात आले.

आता रचना पाहू. संकेतस्थळाच्या सर्व्हरने इंटरनेटवर स्वतः पत्र पाठवू नये. ते त्याने रुग्णालयाच्याच रिले-सर्व्हरकडे, म्हणजे जाळ्यातील टपालकचेरीकडे, द्यावे. त्यासाठी फायरवॉलमध्ये एकच वाट उघडावी: ह्या सर्व्हरपासून रिलेच्या ५८७ क्रमांकाच्या दारापर्यंत. तेथेही नाव व पासवर्ड द्यावा लागावा आणि मजकूर सांकेतिक रूपात जावा. पुढे २५ क्रमांकाने बाहेर जाण्याची मुभा एकट्या रिलेलाच असावी.

पत्र खरे आहे, हेही पटले पाहिजे. कारण मूळच्या नियमांत पाठविणाऱ्याचे कोणतेही नाव लिहिता येत असे. म्हणून रुग्णालय आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, याची यादी जाहीर करते, हा एसपीएफ. शिवाय रिले पत्रावर गणिती सही करतो, ती डीकेआयएम. ह्या दोन्हींवाचून पत्र बहुधा नको असलेल्या टपालाच्या ढिगात जाते. पलीकडच्या सर्व्हरचे उत्तर ४ या अंकाने सुरू झाले, तर अडचण तात्पुरती समजून रिले पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाले, तर तो नकार पक्का समजावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मजकुराची आहे. सांकेतिक रूप वाटेत रक्षण करते, पत्रपेटीत नव्हे. घरात एकच फोन असेल, तर क्षयाचा अहवाल रुग्णाआधी दुसराच कोणी वाचेल. यास्तव पत्रात रोगाचे वा तपासणीचे नाव नसावे. “आपला अहवाल तयार आहे; संकेतस्थळावर ओळख पटवून पाहावा,” एवढेच पुरे. दार अरुंद ठेवावे आणि त्यातून जाणारे पत्रही मितभाषी असावे; रुग्णाचा विश्वास ह्या दोहोंवर अवलंबून आहे.