फलक लागला, पण निरोप पोचला का?

बहुतेक ग्रामपंचायतींच्या व्हरांड्यात जाळीच्या दाराचा एक सूचना फलक असतो. आत टाचलेल्या कागदावरचा मजकूर साधारण असा असतो : ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, हरकती व सूचना विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर कराव्यात.’ खाली सही आणि गोल शिक्का. रस्ता कुणाच्या दारावरून जाणार, मुदत कोणत्या तारखेला संपणार, अर्ज कुणाच्या हातात द्यायचा, यातलं काहीच त्या वाक्यातून कळत नाही.

नळयोजना असो, तलावाचं काम असो की शहराचा विकास आराखडा, लोकांपर्यंत तो पोचतो पत्रक, फलक, नकाशा आणि सभेतल्या निवेदनातून. या साहित्याचं काम एकच : ज्यांच्या दारात प्रकल्प येणार आहे त्यांना वेळेत आणि समजून बोलता यावं. याचा विसर पडला की काही गैरसमज रुजतात.

गैरसमज : नियमाप्रमाणे नोटीस दिली की लोकांना कळवून झालं.

वस्तुस्थिती : नियम सांगतो ती किमान पायरी. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी किमान ३० दिवस जाहीर सूचना द्यावी लागते. ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापायची. जिथे वृत्तपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटण्यासारखे मार्ग वापरायचे. पण सुनावणी सुरू करायला किमान उपस्थितीची अट याच अधिसूचनेत नाही. निरोप न पोचल्यामुळे मांडव रिकामा राहिला, तरी कागदोपत्री सुनावणी पूर्ण होते.

म्हणून नोटिशीचा मजकूर महत्त्वाचा. तीच गोष्ट अशी लिहिता येते : ‘बाजारतळाकडे जाणारा रस्ता ३ मीटरचा ६ मीटर होणार आहे. मारुतीच्या देवळासमोरचे ओटे त्यात जातात. तुमचं म्हणणं २० तारखेपर्यंत ग्रामपंचायतीत द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेऊ.’ काय होणार, कुठे होणार, माझं काय जाणार आणि कुणाला कधीपर्यंत सांगायचं, या चारही प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात.

गैरसमज : भाषेचा प्रश्न किरकोळ आहे, अनुवाद नंतर करता येतो.

वस्तुस्थिती : २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्राने हरकतींसाठी खुला केला, तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या म्हणजे २२ भाषांत मसुद्याचा अनुवाद करायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. ज्याला मजकूर वाचता येत नाही, त्याला हरकत घेता येत नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

महाराष्ट्रात मराठी अनुवादावरही काम संपत नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिली घरात बोलली जाते. शिवाय २०११च्या जनगणनेत राज्यातली साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के. सात वर्षांवरच्या दर चार स्त्रियांपैकी जवळपास एकीला तेव्हा कुठलंच पत्रक वाचता येत नव्हतं. तिथे रिक्षावरचा भोंगा, बचत गटातली चर्चा, अंगणवाडीतला निरोप यांना पर्याय नाही.

गैरसमज : नकाशा भिंतीवर लावला की लोकांना जागा समजते.

वस्तुस्थिती : १:५००० हे प्रमाण सर्वेक्षकाच्या सवयीचं. बाकीच्यांच्या डोक्यात खुणा असतात : पार, विहीर, शाळेचा कोपरा, पिठाची गिरणी. म्हणूनच पाणलोटाच्या कामांत आधी शिवारफेरी होते आणि मग गावकरी जमिनीवर रांगोळीने गाव काढतात. बसलेल्यांपैकी कुणीतरी उठतं, ‘ओढा इथून नाही, वरून वळतो’ म्हणत रेघ पुसतं आणि नवी ओढतं. छापील नकाशाला हात लावायला तोच माणूस कचरतो.

याहून पुढची गोष्ट घराची. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या ‘महिला मिलन’च्या बायकांनी १९८०च्या दशकात आपल्याला हव्या असलेल्या घराच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभ्या केल्या. पुढे पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये घरं जागच्या जागी नव्याने बांधायची ठरली, तेव्हाही कापडाचं खऱ्या मापाचं घर उभारून दाखवलं गेलं. कापडाच्या भिंतींमध्ये उभं राहिलं की चूल कुठे, जिना कुठे, अंथरूण कुठवर पसरेल, हे कळायला चौरस फूट मोजावे लागत नाहीत.

गैरसमज : आकडे सामान्य माणसाला झेपत नाहीत, ते गाळलेले बरे.

वस्तुस्थिती : एकक परकं असलं की आकडा जड वाटतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. हेच ‘हेक्टरी एक टँकर’ असं सांगितलं की शेतकरी पुढचा गुणाकार स्वतः करतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे याचं नावाजलेलं उदाहरण. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या दुष्काळी गावात पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजली. किती पाऊस पडला, माणसं-जनावरांना किती पाणी लागेल, शेतीला किती उरेल, हे ग्रामसभेसमोर येतं आणि त्यावर पिकं ठरतात. उसासारखं पाणी पिणारं पीक टाळणं आणि शेतीसाठी बोअर न घेणं हे कठीण निर्णय गावाने घेतले, ते हिशेब समोर असल्यामुळे.

गैरसमज : आराखडा पक्का होईपर्यंत लोकांना दाखवू नये, उगाच विरोध होतो.

वस्तुस्थिती : उशिरा दाखवलं की विरोध मोठा होतो. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ हा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. तो पाहून लोक रस्त्यावर उतरले, ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यातल्या चुका रहिवाशांनीच दाखवून दिल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला सांगितलं. आराखडा प्रत्यक्ष लागू व्हायला २०१८ उजाडलं. आपल्या गल्लीतलं मैदान नकाशावर चुकलंय, हे तिथे राहणाऱ्याच्या सगळ्यात आधी लक्षात येतं. म्हणून कच्चा मसुदा ‘कच्चा’ असं ठळक लिहून दाखवावा. काय अजून बदलू शकतं आणि काय ठरलेलं आहे, हेही त्यावर लिहावं.

गैरसमज : सभा घेतली, सूचना जमा झाल्या, सहभाग पूर्ण झाला.

वस्तुस्थिती : सभेत कोण बोललं, हे आधी पाहावं लागतं. भरल्या ग्रामसभेत बायकांचा आवाज दबतो, म्हणून महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे.

दुसरा प्रश्न सूचनांचं पुढे काय झालं, हा. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना प्रभागातली कामं अर्जाने सुचवण्याची सोय केली. पदपथ, दिवे, बाक, बसथांबे अशा गोष्टी लोक त्यातून मागतात. असा अर्ज भरणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरावासा वाटायला हवा, तर त्याचं उत्तर त्याला दिसलं पाहिजे. त्यासाठी जाडजूड अहवाल लागत नाही, तीन रकाने पुरतात : लोकांनी काय सुचवलं, काय ठरलं, का ठरलं. नाकारलेल्या सूचनेसमोरही कारण हवं.

देवळासमोरच्या त्या ओट्यांपुढे मग असं लिहिलेलं असेल : ‘ओटे ठेवा – मान्य – रस्ता तिथे ६ ऐवजी ५ मीटरच होईल.’ हा कागदही त्याच जाळीच्या दारामागे टाचायचा, पण अक्षर ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.