विंबल्डनचा वीर नव्ह शापेलच्या खंदकांत

फ्रान्समधील नव्ह शापेल हें एक लहानसें खेडें. दि. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं खडकीच्या सॅपर्स व मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या शीख पलटणीबरोबर त्यांत शिरल्या आणि प्रचंड हानि सोसून मागें आल्या. त्याच खेड्याच्या परिसरांत पुढें सहा महिन्यांनीं टेनिसचा एक जगज्जेता धारातीर्थीं पडला. त्याचें नांव अँथनी विल्डिंग.

विल्डिंगचा जन्म १८८३ सालीं न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चचा. वडील वकील, मुलगाही केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाला. पण मन रमलें तें खेळांत आणि मोटारसायकलींत. १९१० ते १९१३ अशीं लागोपाठ चार वर्षें विंबल्डनचें एकेरीचें अजिंक्यपद त्याच्याकडे होतें. १९१४ सालीं मात्र नॉर्मन ब्रुक्स या त्याच्याच जोडीदारानें तें हिरावून घेतलें, आणि दोघांनीं मिळून दुहेरी जिंकली!

त्या जुलैच्या अखेरीस डेव्हिस चषकासाठीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें या दोघांची गांठ जर्मनीच्या फ्रॉइट्झहाइम व क्रॉइट्सर यांच्याशीं पडली. चेंडू इकडून तिकडे जात असतांना युरोपांत युद्ध पेटत होतें. पराभूत जर्मन खेळाडूंना परतीच्या प्रवासांत इंग्रजांनीं बोटीवरून उतरवून बंदिवान केलें. विल्डिंगनें ऑगस्टमध्यें चषक जिंकला व ऑक्टोबरमध्यें लष्करी गणवेष चढविला.

शिवथरच्या खोऱ्यांत, महाड-पोलादपूरकडे, मुलगा पलटणींत जाणें ही घरोघरची गोष्ट. तेथें शौर्याइतकाच पोटाचा प्रश्नही असे. विल्डिंगला तशी कांहीं निकड नव्हती. आरमारमंत्री चर्चिल यांच्या सल्ल्यावरून तो रॉयल मरीन्समध्यें दाखल झाला. पुढें चिलखती मोटारींच्या पथकांत त्याची यंत्रविद्या कामास आली. मोटारीमागें ओढून नेण्याजोगी तीन पौंडी तोफ त्यानें सिद्ध केली. खेळाडूची कीर्ति त्याला सुरक्षित कचेरींत बसवूं शकली असती, हें येथें विसरतां कामा नये.

मे १९१५ च्या आरंभीं तो कॅप्टन झाला. हाती घेतलेल्या कामगिरींतून आपण व आपली तोफ बहुधा वांचणार नाहीं, असें त्यानें ८ तारखेच्या पत्रांत लिहिलें. दुसऱ्या दिवशीं ऑबर्स टेकडीवरील हल्ल्यांत भारतीय मीरत डिव्हिजनही लढत होती. सकाळभर विल्डिंगची तोफ धडाडली. सायंकाळीं पावणेपांचच्या सुमारास तो खंदकांत विसांवला असतां वरच्या छतावर तोफेचा गोळा फुटला. वय अवघें एकतीस.

रिशबूर येथील सैनिकी दफनभूमींत त्याची कबर आहे. त्याच परिसरांत १९२७ सालीं भारतीय सैनिकांचें स्मारक उभारण्यांत आलें. ज्यांना कबरही लाभली नाहीं अशा साडेचार हजारांहून अधिक जवानांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत.