गाड्यांचे बोलणे : इशारा की पहारा?

जुन्नर तालुक्याला दुरून येणारे आवाज ऐकण्याची जुनी सवय आहे. आर्वी येथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी विक्रम उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि समुद्रापलीकडचे बोलणे आकाशमार्गे तेथे उतरू लागले. तेथून जवळच खोडद येथे रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशगंगेच्याही पलीकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपून घेतात. आणि ह्याच तालुक्यात, नारायणगावाजवळ, १७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी प्रवाशांनी भरलेल्या एका व्हॅनला मागून टेंपोची धडक बसली, ती व्हॅन पुढे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिकाम्या एस.टी. गाडीवर आदळली, आणि ९ माणसे प्राणास मुकली. एखादे यंत्र असते तर हा अपघात टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. पण पुणे–नाशिक रस्त्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला ‘मी उभी आहे’ हे तीन शब्द मागून येणाऱ्यांना सांगता येत नाहीत, ही गोष्ट मात्र खरी. हे तीन शब्द गाडीच्या तोंडी कसे घालता येतील, आणि ते घालताना चालकाच्या पदरात काय पडेल, एवढाच आजचा विषय आहे.

तसे पाहिले तर गाड्या पूर्वीपासून बोलतच आल्या आहेत. हॉर्न, डिपर, क्लीनरने खिडकीबाहेर काढलेला हात, ही सारी बोलीच होय. मालमोटारींच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हेही एक संभाषणच होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये त्यास बंदी केली. घाटात गाडी बंद पडली की चालक मागे चार धोंडे मांडतो, झाडाची एखादी फांदी टाकतो. हा धोक्याचा संदेश निरक्षरालाही वाचता येतो. त्याची खोड एवढीच की, गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि धोंडे तेथेच राहतात. काल खरा असलेला संदेश आज खोटा होतो, आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्या खोट्या संदेशावर पडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता थोडा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही दीड सेकंद लागतो. म्हणजे ३३ मीटर तर पाय उचलण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर मोटार थांबण्यास आणखी सुमारे ५० मीटर हवेत. भरलेल्या ट्रकला त्याहून अधिक, आणि श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर किती, ते चालकालाच विचारावे. डिपरवर घेतलेल्या दिव्याचा उजेड मात्र साधारण पन्नास मीटर पोचतो. ह्याचा अर्थ असा की, रात्री दिवे नसलेली उभी ट्रॉली ज्या क्षणी दिसते, त्या क्षणी ती चुकवण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा अपघाताला वर्तमानपत्रात ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे म्हणतात. आम्हांला हा शब्दप्रयोग कधीच पटला नाही.

रेडिओलहरींची योजना ह्या ठिकाणी कामास येते. प्रत्येक गाडीत एक लहान प्रेषक व ग्राहक बसवायचा. उपग्रहावरून त्याला आपली जागा कळते. ती जागा, आपला वेग, आपली दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, एवढा मजकूर तो सेकंदाला दहा वेळा भोवताली प्रसारित करतो. तीनशे मीटर मागच्या गाडीतला ग्राहक तो ऐकतो, आकडेमोड करतो आणि धोका दिसला तरच चालकाला सावध करतो. तीनशे मीटर म्हणजे तेरा सेकंद. ज्याला पूर्वी जेमतेम दोन सेकंद मिळत होते, त्याला तेरा मिळाले. हा संदेश दूरच्या कचेरीत जाऊन परत येत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक मारावी, तसा तो गाडीकडून थेट गाडीकडे जातो.

अमेरिकेने ह्या कामासाठी १९९९ सालीच ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा लहरींचा पट्टा राखून ठेवला होता. वीस वर्षे प्रयोग झाले, अहवाल झाले, पण रस्त्यावर गाड्या काही बोलू लागल्या नाहीत. शेवटी २०२० मध्ये त्या पट्ट्याचा मोठा हिस्सा काढून दुसऱ्या कामास दिला गेला. जमीन पडीक ठेवली की ती दुसरा कोणी कसतो! जपानात मात्र २०१५ पासून अशी यंत्रे असलेल्या मोटारी विक्रीस आल्या.

सपाटीवर हे ठीक चालते, पण आपला प्रदेश सपाट नाही. ओतूरकडून माळशेज घाटात उतरताना पुढचे वळण कड्याआड असते, आणि ह्या लहरी उजेडाप्रमाणे बऱ्याचशा सरळ जातात. सह्याद्रीचा कातळ त्या भेदत नाहीत. म्हणून वळणावर खांब हवा. त्याने खालच्या गाडीचे बोलणे ऐकून वरच्या गाडीला सांगायचे. पावसाळ्यात दरड कोसळली, धुके उतरले, तर तेही त्यानेच सांगावे. गाडी आणि रस्ता ह्यांचे संभाषण म्हणतात ते हेच. येथे कोणी विचारील की, खोडदच्या दुर्बिणीला ह्या खांबांचा उपद्रव होणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही तो उभा राहिला होता. दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्या दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या, आणि गाड्यांचे बोलणे त्याच्या कितीतरी वर. तरी कोणतेही विजेचे यंत्र आपल्या पट्ट्याबाहेर थोडी कुजबुज करतेच. तेव्हा त्या भागात खांब पुरण्यापूर्वी शास्त्रज्ञांना विचारावे, हे शहाणपणाचे.

ह्याहून मोठी अडचण निराळीच आहे. शंभरातल्या दहा गाड्यांत यंत्र बसले, तर रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याचा योग शंभरात एकदाच येतो. बोलणारा एक आणि बाकी सारे मुके-बहिरे, अशी सभा होईल. आणि हे मुके कोण? गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर ह्या साखर कारखान्यांच्या वाटेवर रात्री निघून पहा. उसाने लादलेल्या ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, मागे लाल दिवा नाही. पुढे बैलगाड्या, त्यांवर ऊसतोड मजुरांची झोपाळलेली मुले. त्या गाडीवानाला कोण प्रेषक विकत घेऊन देणार? म्हणून आमचे मत असे की, जो खांब उभारायचा तो केवळ बोलक्या गाड्यांचे ऐकणारा नसावा. कॅमेरा किंवा रडार लावून त्याने मुक्या गाड्या पहाव्या आणि त्यांच्या वतीने बोलावे. आणि खांब येईपर्यंत प्रत्येक ट्रॉलीच्या व बैलगाडीच्या पाठीला परावर्तक पट्टी चिकटवल्याखेरीज काट्यावर वजन होऊ नये. पट्टीला वीज लागत नाही. समोरच्याचाच उजेड त्याला परत देऊन ती ‘मी येथे आहे’ असे सांगते, आणि गाडी हलली की तिचा संदेशही तिच्याबरोबर हलतो. धोंड्यासारखा मागे पडून राहत नाही.

आज आपल्या गाड्यांत प्रत्यक्ष काय बसले आहे? १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांत, रिक्षा वगळून, ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण असलेच पाहिजे असा नियम झाला. त्याचे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केले आहे. यंत्र चांगले आहे, संकटात सापडलेल्या प्रवासी स्त्रीला ते बटण मोठाच आधार. पण ते बोलते कोणाशी? मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या नियंत्रण कक्षाशी. पन्नास पावलांवरच्या मागच्या गाडीला ते काहीच सांगत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू झाली. तीही वेग मोजते आणि दंडाची पावती धाडते. बेफाम हाकणाऱ्याला वचक बसावा, ह्याला आमची ना नाही. परंतु पावती ही झाल्यानंतरची गोष्ट; ती इशारा नव्हे.

आता पहा, गाडीने गाडीला घालायच्या हाकेची रचना ह्याच्या नेमकी उलट आहे. त्या हाकेत गाडीचा नंबर नसतो, चालकाचे नाव नसते. हाक खोटी नाही हे पटावे म्हणून तिच्यावर एक सांकेतिक सही असते. नाही तर कोणी टवाळखोर ‘ब्रेक दाबला, ब्रेक दाबला’ असे खोटेच ओरडून सारा रस्ता अडवील. पण ही सहीदेखील वरचेवर बदलते, जेणेकरून तिचा माग काढून कोणाच्या मागे लागता येऊ नये. म्हणजे पाळत न ठेवता सावध करता येते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. आपल्याकडे मात्र नाव सांगणारे यंत्र आधी आले, आणि हाक मारणारे अजून सर्रास यायचे आहे.

नागपूरने एक मधला मार्ग काढून पाहिला. २०२१ पासून तेथील शहर बसमध्ये पुढे पाहणारे कॅमेरे बसवण्यात आले. टक्कर होण्याचा संभव दिसला की ते चालकाला तत्काळ सावध करतात. शिवाय असे इशारे कोठे वारंवार मिळतात ते नकाशावर उमटते, आणि जेथे अजून अपघात झालेला नाही पण होऊ घातला आहे अशी ठिकाणे कळतात. आम्हांला ही कल्पना फार आवडली. एरवी आपल्याकडे ठिकाणाला ‘अपघातप्रवण’ हा किताब मिळवण्यासाठी आधी माणसे मरावी लागतात. मंचर, नारायणगाव, आळेफाटा येथील एस.टी. गाड्या रोज तोच रस्ता तुडवतात. त्यांच्या चालकांच्या पायाखालचा ब्रेक कोठे वारंवार दाबला जातो, ह्याचा नकाशा काढायला कितीसा खर्च येणार?

राहता राहिला चालक. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरची भाजी घेऊन पिकअप रात्री वाशीला निघतात. पहाटेचा बाजार गाठायचा, माल उतरवायचा आणि रिकाम्या क्रेटा घेऊन परत फिरायचे. तेरा सेकंद आधी इशारा मिळाला तरी डोळाच मिटलेला असेल तर तो ऐकणार कोण? मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ चा; तो २०२५ पर्यंत चालला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ही त्याची सर्वसाधारण मर्यादा होती. पण पाच कामगारांच्या खालच्या मालकाला तो लागू होत नव्हता, आणि पिकअपचे मालक बहुतेक एकट्या गाडीचे. ज्यांना लागू होता त्यांच्याकडे चालकाचे तास आजवर हाताने लिहिलेल्या वहीत असत, आणि वही कशी लिहिली जाते हे आमच्या सभासदांना चांगले ठाऊक आहे. ठावठिकाण्याच्या यंत्रापाशी मात्र गाडी किती वाजता सुटली, कोठे थांबली, किती वाजता परतली ह्याची मिनिटामिनिटाची नोंद असते. ती नोंद मालक पाहतो, सरकार पाहू शकते. चालकाला तिची प्रत दरमहा पगाराच्या पावतीबरोबर मिळावी, आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याने तासांची तपासणी वहीऐवजी तिच्यावरून करावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.