जलपृष्ठावरील एकरेण्वीय पटले : तिरप्या पठाराचा प्रश्न

एखादे मेदाम्ल बाष्पशील द्रावकात विरघळवून त्याचे काही थेंब स्वच्छ पाण्यावर सोडले असता द्रावक उडून जातो व अम्लाचे रेणू पृष्ठावर एकेरी थराने पसरतात. रेणूचे कार्बोक्सिल टोक पाण्यात बुडालेले असते, हायड्रोकार्बन साखळी हवेत राहते. पृष्ठावरून आडवी पट्टी सरकवून या रेणूंच्या वाट्याचे क्षेत्र हवे तसे कमी करता येते. पटलामुळे पाण्याचा पृष्ठताण जेवढा घटतो तेवढा त्या पटलाचा पृष्ठदाब होय. सरकत्या पट्टीची ही युक्ती ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन विदुषीची. विद्यापीठीय शिक्षण न लाभलेल्या या बाईंनी ब्राउनश्वाइग येथे घरीच केलेले प्रयोग लॉर्ड रॅली यांच्या पुढाकाराने १८९१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पृष्ठदाब प्रत्यक्ष मोजणारा लँगम्यूर यांचा तराजू १९१७ चा.

तापमान स्थिर ठेवून पृष्ठदाब व क्षेत्र यांचा वक्र काढला म्हणजे वायू, द्रव व घन यांची द्विमितीय प्रतिरूपे त्यात ओळखता येतात. दर रेणूस ५००० चौरस आंग्स्ट्रॉम जागा असेल तर पटल जवळजवळ आदर्श वायूप्रमाणे वागते, आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा पृष्ठदाब मीटरमागे अवघा ०.०८ मिलिन्यूटन भरतो. उलटपक्षी, सुमारे २० चौरस आंग्स्ट्रॉमपर्यंत दाबलेल्या पटलात साखळ्या एकमेकींस खेटून उभ्या राहतात. या दोन टोकांविषयी मतभेद नव्हता. तो होता मधल्या संक्रमणाविषयी. म्हणजे ज्यात साखळ्या अस्ताव्यस्त असतात त्या ‘प्रसृत द्रवा’चे ‘संघनित द्रवा’त रूपांतर होते त्याविषयी.

हे संक्रमण पहिल्या कोटीचे असेल, तर प्रावस्था-नियमाचा निर्वाळा स्पष्ट आहे. तापमान ठरलेले असता एकाच घटकाच्या पटलात दोन प्रावस्था सहअस्तित्वात असतील, तर मुक्त चल एकही उरत नाही. सबब क्षेत्र घटत असतानाही पृष्ठदाब अचल राहिला पाहिजे. प्रयोगात मात्र पठार येई ते तिरपे. लँगम्यूर यांनी १९३३ साली, मधल्या अवस्थेत रेणूंचे लहान लहान पुंजके बनत असावेत, अशी उपपत्ती मांडली. इतरांनी संक्रमण वरच्या कोटीचे मानले.

याहून साधी शक्यता अशी की, पटलात दुसरा घटक नकळत शिरलेला असावा. घटक दोन झाले की एक चल मोकळा होतो, आणि पठार कलते. हा घटक किती अल्प असू शकतो, याचा हिशेब उद्बोधक आहे. ५०० चौरस सेंटिमीटरांच्या द्रोणीत पेंटाडेकॅनॉइक अम्लाच्या दर रेणूस ३० चौरस आंग्स्ट्रॉम जागा दिली, तर सगळे पटल मिळून सुमारे ६७ मायक्रोग्रॅम भरते. त्यातील एक टक्का अशुद्धी म्हणजे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी! बोटाचा ओझरता स्पर्शही येथे महाग पडावा.

पॅलस व पेथिका यांनी याच अम्लाच्या शुद्धीकरणाकडे कसोशीने लक्ष पुरवून १९८५ साली वक्र पुन्हा काढले. पठार आडवे आले. (निबंध प्रसिद्ध झाला तो ‘लँगम्यूर’ याच नावाच्या नियतकालिकात.) अर्धशतक चाललेल्या वादाचे मूळ सिद्धान्तापेक्षा पदार्थाच्या शुद्धतेत अधिक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिदीप्ति-सूक्ष्मदर्शकाने त्याच दशकात दोन्ही प्रावस्था शेजारी शेजारी दाखविल्या. पण त्यासाठी पटलात रंगद्रव्य मिसळावे लागे, आणि रंगद्रव्य हीही अशुद्धीच. १९९१ साली ब्रूस्टर कोनावरील सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा हा आक्षेप फिटला. पाण्यावर सुमारे ५३ अंशांनी पडलेला योग्य ध्रुवित प्रकाश परावर्तित होत नाही; पटलाचे संघनित बेट आले की तेवढीच जागा उजळते. ही बेटे सहसा एकमेकांत मिसळून एकजीव होत नाहीत. उभ्या रेणूंची द्विध्रुवे एकाच दिशेची असल्याने परस्परांस दूर लोटतात, आणि बेटाचा आकार हे प्रतिसारण व काठाचा रेषाताण यांच्या ओढाताणीतून ठरतो.

१९८७ पासून पृष्ठाला जवळजवळ समांतर सोडलेल्या क्ष-किरणांच्या विवर्तनाने आणखी एक गोष्ट उघड केली. ‘संघनित द्रवा’तील साखळ्या कललेल्या असून त्यांची मांडणी सुव्यवस्थित असते, म्हणजे ही प्रावस्था खऱ्या अर्थाने द्रव नव्हेच. नाव मात्र जुनेच चालू आहे.