जुना लॅपटॉप, नवी डिस्क आणि मोडलेली झोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक नवी अडगळ साठू लागली आहे. जुने लॅपटॉप. एखादा मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, एखादा दुकानाच्या हिशेबासाठी, तर एखादा पुण्याच्या पाहुण्यांनी "आम्हाला आता नको, तुम्ही वापरा" म्हणून दिलेला. वय दहा-बारा वर्षे. बटण दाबून चहा टाकावा, तो उकळावा, पिऊन कपबशी विसळून ठेवावी, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असते. मग कोणीतरी सांगतो, "जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, नव्यासारखा पळेल."

सल्ला खरा आहे. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने खर्च थोडा आणि फरक पहिल्या दिवशी दिसतो. पण पुष्कळांच्या बाबतीत आठवडाभरात एक वेगळेच दुखणे सुरू होते. झाकण मिटून ठेवलेले यंत्र झोपते ते उठतच नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा. किंवा उठते आणि सांगते की, सुरू होण्यासाठी डिस्कच सापडत नाही. मालक घाबरतो, दुकानदार म्हणतो "मदरबोर्ड गेला", आणि चांगले यंत्र भंगारात जाते.

मी कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. यंत्राच्या पोटात शिरण्याचे मला कारण नव्हते. पण ताडकळसला माझ्या टेबलावर जो लॅपटॉप आहे, त्यात वीस-बावीस वर्षांचे लेखन आहे. शिवाय आमच्या भागातल्या वयस्क बायांकडून, त्यात आमच्या मोहल्ल्यातल्याही, उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यातल्या कित्येक बाया आज हयात नाहीत. एक प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण पेन ड्राइव्हच्या भरवशावर कोण निवांत झोपेल? म्हणून हे दुखणे मुळापासून समजून घ्यावे लागले.

जात्याचा विषय निघालाच आहे तर जुनी डिस्क समजायला त्याच्यासारखी उपमा नाही. जनाबाईंच्या गंगाखेडचा आपला हा जिल्हा, जाते कोणाला सांगायला नको. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी असते, ती लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते आणि एक बारीक भुजा तिच्यावरून सरकत अक्षरे वेचते. हवी ती जागा भुजेखाली येईपर्यंत थांबावेच लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. सगळा मजकूर चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि त्या चिपांवर देखरेख करणारा एक छोटा नियंत्रक असतो. या नियंत्रकाला स्वतःचा एक कार्यक्रम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. म्हणजे नवी डिस्क हा नुसता डबा नाही, तो एक लहानसा संगणकच आहे. तोही झोपतो, तोही उठतो आणि कधीकधी त्याचीही उठताना गडबड होते.

आता झोपेचे दोन प्रकार. एक साधी झोप, म्हणजे स्लीप. हिच्यात चालू काम रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ती स्मृती टिकवायला थोडी वीज सतत लागते. दुसरी शीतनिद्रा, म्हणजे हायबरनेट. हिच्यात ते सगळे काम डिस्कवर लिहून ठेवले जाते आणि मग यंत्र पूर्ण बंद होते. आपल्याकडच्या माणसाने हा फरक पक्का लक्षात ठेवायला हवा. दहा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते आणि तो चार्जरवरच चालतो. तुम्ही झाकण मिटून जेवायला गेलात आणि दोन मिनिटे लाइट गेली, की रॅममधले सगळे पुसले गेले. परत आल्यावर यंत्र नव्याने सुरू होते आणि आपण म्हणतो, नव्या डिस्कने घात केला. डिस्क बिचारी निर्दोष असते. म्हणून पहिली परीक्षा अगदी साधी: चालू लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. लगेच बंद पडला तर आधी बॅटरी बदला, नाहीतर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल अशी व्यवस्था लावा.

हायबरनेटने एसएसडी लवकर झिजते असे काहीजण सांगतात. हिशेब करू. रोज 3 गीगाबाईट लिहिले गेले तर वर्षाला साधारण 1 टेराबाईट होते. 240 गीगाबाईटच्या साध्या डिस्कलाही 80 टेराबाईटच्या आसपास लेखनाची मर्यादा दिलेली आढळते. तेवढी झीज व्हायच्या आत लॅपटॉपच्या बिजागऱ्या तुटतील.

माझ्या यंत्राची बॅटरी नवी होती, तरी दुखणे होतेच. झाकण उघडले की पडदा काळा. थोड्या वेळाने यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचे आणि डिस्क नाही असे सांगायचे. माझा भाचा शेजारी बसलेला. तो म्हणाला, "मामू, डिस्क गेली वाटते." मी त्याला बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगितले. यंत्र पूर्ण बंद झाले, पुन्हा सुरू केले, आणि डिस्क जागेवर हजर! सगळे लेखन जसेच्या तसे.

या वागण्यातच निदानाची किल्ली आहे. यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते तेव्हा डिस्कचा वीजपुरवठा तुटत नाही. नियंत्रक अडकलेला असला तर तसाच अडकून राहतो. बटण दाबून पूर्ण बंद केले की वीज तुटते आणि तो ताळ्यावर येतो. अशा वेळी डिस्क मेलेली नसते, बेशुद्ध असते. दुकानात जाण्यापूर्वी एवढे पाहिले तरी "मदरबोर्ड गेला" हे वाक्य ऐकण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही.

दुसरी मोठी परीक्षा बायोसची. यंत्र सुरू होताना एफ-2, एफ-10 किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबली, की विंडोजच्याही आधीचा एक साधा पडदा उघडतो. तिथे डिस्कचे नाव दिसते का ते पाहायचे. दिसत नसेल तर विंडोज पुन्हा पुन्हा टाकून काही उपयोग नाही. दोष डिस्क, तिचा जोड किंवा तिच्या फर्मवेअरमध्ये आहे. दिसत असेल आणि तरी यंत्र सुरू होत नसेल, तर दोष सुरू होण्याच्या मांडणीत आहे. आमच्याकडे उलटे होते. आधी विंडोज पुसतात, मग विचार करतात.

जोडाचे म्हणाल तर जुन्या डिस्का बहुतेक 9.5 मिलीमीटर जाडीच्या असत आणि नव्या एसएसडी 7 मिलीमीटरच्या. चौकटीत उरलेल्या त्या अडीच मिलीमीटरसाठी डिस्कबरोबर कधीकधी प्लॅस्टिकची पट्टी येते, ती न बसवताच स्क्रू आवळले जातात. मग डिस्क किंचित हलते. एसटीत मांडीवर, मोटारसायकलच्या डिकीत असा प्रवास झाला की जोड ढिला. हा दोष फुकटात निघतो.

माझ्या बाबतीत जोड पक्का होता. मग जुनी डिस्क परत बसवून पाहिली, स्लीप व्यवस्थित. म्हणजे यंत्रात खोट नाही, नव्या डिस्कची आणि जुन्या यंत्राची कुंडली जुळत नव्हती. विंडोजच्या पॉवर पर्यायांत डिस्क काही मिनिटांनी बंद करण्याची सोय असते, ती 'कधीच नाही' वर नेली. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवाही वीज वाचवण्यासाठी डुलकी घेतो. ही दुवा-बचतही बंद केली. काही यंत्रांत हा पर्याय लपवलेला असतो, तो कमांड लिहून उघडावा लागतो. यामुळे अडकणे कमी झाले, थांबले नाही. शेवटी डिस्कच्या कंपनीने दिलेल्या कार्यक्रमातून तिचे फर्मवेअर अद्ययावत केले आणि यंत्राचे बायोसही. तेव्हापासून झोप सुधारली. हे काम करताना आधी सगळ्याची प्रत घ्यायची, बॅटरी भरलेली हवी, चार्जर लावलेला हवा, आणि शक्य तर घरात इन्व्हर्टर हवा. फर्मवेअर अर्धे लिहून झाल्यावर वीज गेली तर डिस्क कायमची जाऊ शकते.

फर्मवेअरचा दोष ही कल्पना वाटू नये म्हणून एक नोंदलेले उदाहरण सांगतो. क्रुशियल कंपनीच्या एम-4 या एसएसडी एकूण सुमारे 5,184 तास चालल्या की अचानक गप्प व्हायच्या. पुन्हा सुरू केल्या की तासभर चालून पुन्हा गप्प. कंपनीने जानेवारी 2012 मध्ये नवे फर्मवेअर दिले आणि त्याच डिस्का नीट चालू लागल्या. ज्यांनी त्या आधीच फेकल्या असतील त्यांचे नुकसान झाले.

सुरू होण्याच्या मांडणीचा भाग थोडक्यात. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेतली असेल, म्हणजे क्लोन केला असेल, तर जुनी पद्धतही बरोबर येते. यंत्र सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. डिस्क एका पद्धतीने मांडलेली आणि बायोस दुसरीवर लावलेला असेल, तर बायोसला डिस्क दिसते पण तिच्यावरून सुरू होता येत नाही. बायोसमधला तो एक पर्याय बदलला की काम होते. डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत मात्र विंडोज टाकल्यानंतर उगीच बदलू नये; निळा पडदा हमखास येतो. बदललीच असेल तर पूर्ववत करावी.

आणि इथे एक रुपयाच्या नाण्याएवढी गोष्ट पुष्कळांना फसवते. मदरबोर्डवर 3 व्होल्टचा बटणासारखा सेल असतो, हातघड्याळात असतो तसल्या जातीचा. घड्याळ आणि बायोसची मांडणी तो सांभाळतो. दहा-बारा वर्षांत तो संपतो. मग वीज गेली की तारीख मागच्या एखाद्या वर्षात जाते, बायोस मूळ मांडणीवर येतो आणि काल सुरू झालेले यंत्र आज डिस्क नाही म्हणते. तारीख चुकल्यामुळे बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळेही सुरक्षिततेची तक्रार करून उघडत नाहीत. तारीख मागे गेलेली दिसली की आधी सेल बदला, बाकीचे नंतर.

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, आणखी एक गंमत झाली आहे. 'शट डाऊन' केले तरी यंत्र पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीसाठी विंडोजचा गाभा डिस्कवर शीतनिद्रेत ठेवला जातो. डिस्क बदलल्यावर हा जुना गाभा कधीकधी गोंधळ घालतो. 'रीस्टार्ट' मात्र खरेखुरे नव्याने सुरू करते. शट डाऊननंतर अडचण आणि रीस्टार्टनंतर नाही, असे दिसले की फास्ट स्टार्टअप बंद करावे. एसएसडीवर त्याच्यावाचून फारसे अडत नाही.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आणि विंडोज 11 अशा जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे बरेचजण आता लिनक्सकडे वळत आहेत. तिथे डिस्क बदलल्यावर यंत्र सुरू होताना दीड मिनिट थबकत असेल, तर ते बहुधा जुन्या डिस्कवरचा एखादा भाग त्याच्या जुन्या ओळखक्रमांकाने शोधत असते. तो क्रमांक नोंदीत बदलला की थांबणे संपते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मात्र खरी परीक्षा यंत्र उठल्यानंतर सुरू होते. 2000 च्या आसपास आपण सगळे श्रीलिपी किंवा आयएसएममधल्या फॉन्टवर टंकलेखन करत होतो. दोन्ही पुण्याचीच देणगी. श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम सी-डॅकचे. या जुन्या फॉन्टमधले अक्षर यंत्राच्या लेखी मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार बसवलेले असतात. नव्या डिस्कवर विंडोज कोरे टाकले आणि तो फॉन्ट आला नाही, की ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाईल खराब झाली असे समजून लोक ती पुसतात. पुसू नका. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते, ते आधी पूर्ण उतरवून घ्या. फॉन्ट बसवला की मजकूर परत दिसतो, आणि मग तो परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तनात रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी कुठे कुठे घसरते, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. माझ्या ओव्यांचे हे काम अजून चालू आहे. रोज फजरनंतर तासभर.

काढलेली जुनी डिस्क निदान सहा महिने तरी कोणाला देऊ नका. यूएसबीने जोडायची एक पेटी बाजारात मिळते, तिच्यात ती बसवून दुसरी प्रत म्हणून ठेवा. फिरणारी डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुर करते. एसएसडी बहुधा न सांगता जाते आणि तिच्यावरचा पुसलेला मजकूर परत मिळवणेही फार अवघड असते. शिवाय ती विजेविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी नाही. जिची लेखनमर्यादा संपत आली आहे अशी एसएसडी 30 अंश तापमानात वर्षभर मजकूर टिकवेल, एवढीच अपेक्षा तिच्या मानकात धरलेली आहे. परभणीच्या मे महिन्यात कपाटातला पारा कुठे असतो ते आपल्याला माहीत आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती जोडावी, थोडा वेळ चालू ठेवावी आणि चार-दोन फाईली उघडून पाहाव्यात.