कारखान्याला सुट्टी, म्हणून आम्हाला काम

सकाळी साडेसहा, कल्याण पश्चिम

जेवणाच्या टेबलावर चोवीस पोर्टांचा स्विच सुरू आहे आणि त्याच्या पंख्यांच्या आवाजाने घर भरून गेलंय. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, हे दिवसभर असंच वाजणारेय का?" दिवसभर नाही, पण आठपर्यंत तरी वाजेल. नवा स्विच गिऱ्हाइकाच्या जागेवर पहिल्यांदा उघडायचा नाही, हा माझा नियम आहे. तिथे इंटरनेट बंद असतं, मालक पाठीमागे उभा असतो आणि फर्मवेअर बदलून स्विच पुन्हा उठेपर्यंत "झालं का?" हा प्रश्न चार जण विचारून जातात. ते सगळं घरीच उरकलेलं बरं.

फिकट निळी, चपटी कन्सोल केबल एका टोकाला स्विचमध्ये आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपमध्ये. पडद्यावर पुटी. वेग ९६००, काही कंपन्यांच्या स्विचला १,१५,२०० लागतो. वेग चुकला की अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. ब्राउझरमधूनही सेटिंग करता येतं. डी-लिंकचे बरेच मॅनेज्ड स्विच १०.९०.९०.९० या पत्त्यावर भेटतात. पण ब्राउझरची वाट नेटवर्कमधूनच जाते. एखाद्या ओळीने आपणच बाहेर अडकलो तर आत शिरायला कन्सोल तेवढा उरतो.

साधा स्विच वायर खोचली की चालतो, त्याला काही सांगावं लागत नाही. मॅनेज्ड स्विचला सांगावं लागतं: कोणता पोर्ट कोणाचा, कोणी कोणाशी बोलायचं, वीज किती द्यायची, गडबड झाली तर कुठे लिहून ठेवायचं. बाजारातला पहिला इथरनेट स्विच १९९० साली आला, अमेरिकेतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीचा. त्याला पोर्ट होते सात. १९९४ साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. तेव्हापासून पोर्ट वाढले, वेग वाढला, पण त्या काळ्या खिडकीत ओळी टाइप करण्याचं काम फारसं बदललेलं नाही.

कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलतो. टेलनेट बंद करून एसएसएच चालू. मग स्विचला नाव, आणि घड्याळ. घड्याळाकडे आमच्यातले बरेच जण बघतही नाहीत, पण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर सगळ्यांना खुला आहे. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तर घड्याळ त्या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवा आणि लॉग १८० दिवस सांभाळा, असं कंपन्यांना सांगितलेलं आहे. चोरी रात्री दोनला आणि कॅमेऱ्याच्या चित्रावर वेळ संध्याकाळी साडेआठची, असं फुटेज घेऊन पोलिसांकडे गेलं की काय होतं, ते ज्याने पाहिलंय तो घड्याळ विसरत नाही.

पावणेनऊ, पत्री पूल

स्कूटरच्या पुढच्या जागेत स्विचचं खोकं. ब्रिटिशांच्या काळातला पत्री पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात कल्याणहून डोंबिवलीला स्कूटरने जाणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होता. आता पुलावरून सुटका लवकर होते, पण पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे आहेतच. टाटा नाक्याहून आत वळून एमआयडीसी.

आज शुक्रवार. डोंबिवली एमआयडीसीचा सुट्टीचा वार. बाकीचं जग शनिवार-रविवारची वाट बघतं, आम्ही शुक्रवारची. मशीन बंद, कामगार घरी, टॅलीवर कोणी बसलेलं नाही. महावितरणही दुरुस्तीसाठी अनेकदा हाच वार निवडतं, म्हणून निघण्याआधी मालकांना फोन करून वीज आहे ना, एवढं विचारून घेतो.

सव्वानऊ, फेज दोन

कारखाना रंगांसाठी लागणारी रसायनं बनवतो. भिंतीवर नऊ यूचा रॅक. दार उघडल्यावर वायरींचा गुंता अंगावर येतो. कुठल्याही वायरीवर नाव नाही. आत तीन साधे स्विच एकमेकांना जोडलेले, एकाच्या अडॅप्टरला इन्सुलेशन टेप. आधी मोबाइलवर फोटो. एकही वायर काढण्याआधी चार बाजूंनी फोटो, आणि मगच हात लावायचा.

दिवसातलं खरं काम इथे आहे. टाइपिंग तासाभराचं, वायरी शोधणं अर्ध्या दिवसाचं. माझा सहकारी शॉपफ्लोअरवर वायरीत सूर सोडणारा टोनर घेऊन फिरतो, मी रॅकजवळ प्रोब घेऊन बसतो. तो ओरडतो, "दादा, पॅकिंगचा वाजतोय का?" वाजला की लेबल. नाही वाजला की पुढची. दोन वायरी अशा निघतात की त्यांचं दुसरं टोक सापडतच नाही. कुठल्या तरी बंद केलेल्या केबिनच्या भिंतीत त्या संपल्या असणार. त्यांना 'अज्ञात' असं लेबल लावून बाजूला ठेवतो, कापत नाही. कापलेली वायर शनिवारी नेमकी कोणाची तरी निघते.

जुने कनेक्टर काढून पाहिले तर पिना हिरव्या पडलेल्या. या भागात आश्चर्य नाही. याच डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी रसायनांकडे बोट दाखवलं. अशा हवेत स्वस्त कनेक्टरवरचा सोन्याचा पातळ मुलामा टिकत नाही, मग खालचा धातू उघडा पडतो आणि नेट 'कधी येतं, कधी जातं'. दोष स्विचला लागतो. आम्ही सगळे कनेक्टर बदलतो.

दुसरी गोष्ट ब्लेडने बघायची. वायरीतली एक तार खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरी. ही सीसीए केबल, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा लेप. डेटा कसाबसा जातो, पण त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही पाठवायची म्हटली की लांबवर व्होल्टेज पडतं आणि वायर तापते. कॅमेऱ्यांकडे जाणाऱ्या अशा वायरी बदलाव्या लागतील, हे मालकांना आत्ताच सांगतो. बिलाच्या वेळी सांगितलं तर भांडण होतं.

साडेअकरा, मालकांची केबिन

चहा येतो. आता कोणी कोणाशी बोलायचं ते ठरवायचं. मला चार भाग हवेत: ऑफिस, कॅमेरे, मशीन चालवणारे पीएलसी आणि पाहुण्यांचं वायफाय. मालक विचारतात, "सगळं एकाच स्विचवर आहे, मग वेगळं कसलं? आणि वेगळं करायचं तरी कशाला?"

मी त्यांना लोकल दाखवतो. गाडी एक, रूळ एक, पण लेडीज डबा वेगळा, फर्स्ट क्लास वेगळा, मालडबा वेगळा. आतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. जायचंच असेल तर स्टेशनवर उतरायचं आणि टीसीच्या नजरेखालून दुसऱ्या डब्यात चढायचं. तो टीसी म्हणजे राउटर. मालक रोज ठाण्याहून येणारे, त्यांना हे लगेच पटतं. "म्हणजे पाहुण्याच्या मोबाइलमधला व्हायरस मशीनपर्यंत जाणार नाही?" टीसीने सोडल्याशिवाय नाही.

आतली व्यवस्था अशी: डेटाच्या प्रत्येक पाकिटाला चार बाइटचा टॅग चिकटतो, त्यातल्या बारा बिटांत भागाचा नंबर असतो. बारा बिटांत ४,०९६ आकडे मावतात, पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४,०९४. अशा भागाला व्हीलॅन म्हणतात. हे मानक ८०२.१क्यू, १९९८ सालचं. आम्हाला चारच लागतात: १०, २०, ३०, ४०. आयपी पत्त्यातला तिसरा आकडाही तोच ठेवतो. १९२.१६८.२० दिसलं की कॅमेरा, विचार करायला नको.

अकाउंट्सच्या मॅडम सुट्टी असूनही आल्यात, त्यांचा प्रश्न सगळ्यात खरा: "प्रिंटर मला पण लागतो आणि लॅबला पण. तो कुठल्या डब्यात?" ऑफिसच्या. लॅबला राउटरमधून तेवढीच परवानगी. कागदावर लिहून त्यांच्यासमोर वाचून दाखवतो.

दीड वाजता डबा. माझी मेथी, सहकाऱ्याची सुकटाची चटणी.

दोन ते साडेचार, रॅकसमोर

जुने स्विच बंद, नवा चालू. पोर्ट एक ते आठ ऑफिस, नऊ ते सोळा कॅमेरे, पुढे मशीन, शेवटचे वायफायसाठी. प्रत्येक पोर्टला वर्णन लिहितो: 'पॅकिंग-पश्चिम कॅमेरा', 'लॅब पीसी २'. स्विचला या शब्दांची गरज नाही, चार वर्षांनी इथे येणाऱ्या माणसाला आहे. रिकामे पोर्ट बंद करून टाकतो.

गेट रॅकपासून शंभर मीटरच्या पलीकडे आहे, म्हणून तिथे तांब्याची वायर चालणार नाही, फायबर. वॉचमनच्या केबिनमध्ये कॅमेरा आणि हजेरीचं मशीन अशा दोन भागांच्या वस्तू आहेत, त्यामुळे तिथे छोटा स्विच आणि दोन्ही स्विचांमध्ये ट्रंक, म्हणजे सगळ्या भागांचा डेटा नेणारी एकच जोडणी. ट्रंकवर नवा भाग वाढवताना सिस्कोच्या धाटणीच्या भाषेत 'ॲड' हा शब्द लिहावाच लागतो. तो राहिला की जुनी यादी पुसली जाऊन फक्त नवा नंबर उरतो आणि गेटपलीकडचं सगळं गप्प होतं. स्विच त्यावर काही बोलत नाही. सांगितलं तेच त्याने केलेलं असतं.

मग विजेचा हिशेब. खोक्यावर '३७० वॉट' छापलेलं असतं. पीओईच्या, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वीज देण्याच्या, २००३ च्या मानकात पोर्टमागे १५.४ वॉट, चोवीस पोर्टांचे ३६९.६. तो आकडा इथून येतो. २००९ च्या मानकाप्रमाणे ३० वॉट मागणारी उपकरणं जोडली तर बाराच पोर्टांत बजेट संपतं. आणि कॅमेरे दिवसा मोजायचे नसतात. अंधार पडला की त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते. 'दुपारी सगळं ठीक होतं, सातला कॅमेरे गेले' ही तक्रार अशीच जन्मते. म्हणून दोन-तीन कॅमेऱ्यांवर हात धरून, अंधार करून, वॉट वाचतो.

शेवटी सेव्ह. चालू सेटिंग रॅममध्ये असतं. 'राइट मेमरी' केलं नाही तर वीज गेली की सगळं गेलं. सेव्ह केल्यावर मी मालकांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर स्विचची वायर उपटतो. ते दचकतात. काही मिनिटांत कॅमेरे एकेक करून परत येतात. ही परीक्षा आज मी नाही घेतली तर पावसाळ्यात महावितरण घेईलच.

पाच वाजता पोर्टांचा तक्ता छापून, लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर मालकांची सही, पाकीट त्यांच्या तिजोरीत.

पावणेसहा, डोंबिवली स्टेशन

ठाण्याहून फोन. नौपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. "अहो, आमचं सगळंच बंद पडलंय. कॅमेरे, इंटरकॉम, ऑफिसचं नेट. वायरिंग जळलं का हो?" मी म्हणतो, "काका, स्विचचे दिवे कसे लुकलुकतायत?" "सगळे एकदम. वेड्यासारखे." जळलेलं नाही, लूप आहे. स्कूटर स्टेशनजवळ लावतो. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत या वेळेला बसायला मिळतं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघवत नाही.

सात, नौपाडा

इथे मॅनेज्ड स्विच आहे, महागातला. बसवणाऱ्याने तो खोक्यातून काढला, वायरी खोचल्या आणि गेला. पासवर्ड कंपनीचाच, सगळे पोर्ट व्हीलॅन एकवर, स्पॅनिंग ट्री बंद. लॉग उघडतो. एकच पत्ता कधी नऊ नंबरवर, कधी सतरावर, सेकंदाला कितीतरी वेळा. सतराची वायर क्लब रूममध्ये जाते. तिथल्या छोट्या स्विचमध्ये एका केबलची दोन्ही टोकं वेगवेगळ्या पोर्टांत बसलेली, शिवाय ऑफिसकडून दुसरी वायर. वॉचमन प्रामाणिकपणे सांगतो, "साहेब, लटकत होती म्हणून लावून टाकली."

इथरनेटच्या पाकिटाला आयुष्य नसतं. आयपीच्या पाकिटावर प्रत्येक राउटर एक आकडा कमी करतो आणि शून्याला ते मरतं. इथरनेटमध्ये तसं काही नाही, वर्तुळ मिळालं की ते फिरतच राहतं आणि वाढतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना शोधला: स्विचांनी आपसात बोलून एक झाड ठरवायचं आणि जादा फांद्या झोपवून ठेवायच्या. तो उपाय, म्हणजेच स्पॅनिंग ट्री, या सोसायटीने पैसे देऊन विकत घेतलेल्या खोक्यात पहिल्या दिवसापासून होता. चालू करायला एक ओळ लागली, आणि लूप लावणारा पोर्ट आपोआप बंद व्हावा म्हणून आणखी एक.

काका विचारतात, "एवढ्याशा कामाचे किती?" मी आकडा सांगतो, वर १८ टक्के जीएसटी. "बॉक्सचे पैसे तर दिलेत, सेटिंगचे वेगळे कसले?" हा प्रश्न कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो आणि कोटेशनमध्ये सेटिंगची ओळ फुकट लिहिणारे आमचेच धंद्यातले लोक त्याला जबाबदार आहेत. फुकट म्हटल्यावर ते कोणी करत नाही. मग लोक मॅनेज्ड स्विचचे पैसे मोजतात आणि साधा स्विच वापरतात.

तुमच्या सोसायटीत किंवा कारखान्यात असं खोकं भिंतीवर असेल, तर बसवणाऱ्याला आठवडाभरात तीन गोष्टी मागा: बदललेला पासवर्ड, पोर्टांचा लेखी तक्ता आणि सेटिंगची प्रत. त्याच्याकडे त्या नसतील, तर सेटिंग झालेलंच नाही असं समजा आणि पुढचा हप्ता थांबवा.