आधी यार्ड, मग पेढे

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून महिनाभर आधी बुकिंग होतं आणि घरात चर्चा रंगते ती रंगाची नि सनरूफची. फार तर ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि ‘भारत एनसीएपी’ या सुरक्षा चाचणीत तारे किती, एवढी चौकशी होते. पण पैसे वाचतात किंवा जातात ते कोटेशनच्या कागदावर. जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. खिशातून जाते ती ऑन-रोड. या दोन आकड्यांमध्ये काय काय बसलंय हे पाहिलं, की घासाघीस कुठे करायची ते कळतं.

सगळ्यात मोठी भर रोड टॅक्सची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ९९ हजार, तेवढ्याच किमतीच्या डिझेलवर १ लाख १७ हजार. इथे एक रुपया सुटत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने विक्रीवेळीच गोळा केलेला आयकर) लागतो. पण तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपून ठेवा.

वाव आहे तो विम्यात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र एका वर्षाचा चालतो. तो शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून दर काढाल तेव्हा आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) दोन्हीकडे सारखे आहेत ना, ते बघा. आयडीव्ही खाली आणला की विमा स्वस्त दिसतो, पण गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी. त्याखालच्या हँडलिंग, ॲक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘हे घेतलंच पाहिजे का?’

कागद जुळला की गाडी बघायची, तीही पासिंगच्या आधी. चासी नंबर मागून घ्या आणि भर उजेडात यार्डात जाऊन तीच गाडी तपासा. कंपनीने कोणत्या महिन्यात बनवली? पुढे विकताना बनवल्याचं वर्ष मोजलं जातं. डिसेंबरातल्या घसघशीत सवलतीमागे हेच कारण असतं. टायरच्या कडेला चार आकडे उमटवलेले असतात: ३४२५ म्हणजे २०२५ सालचा ३४वा आठवडा. स्टेपनीसकट पाचही टायर साधारण एकाच काळातले हवेत. दरवाजांच्या कडा, बंपरचे सांधे निरखा. रंगाच्या छटेत फरक दिसला तर जाब विचारा. मीटरवर किती किलोमीटर पडलेत, तेही पाहा.

एकदा आरटीओत तुमच्या नावावर नोंद झाली, की बदली गाडी मिळवणं फार अवघड. मग दुरुस्तीच्या आश्वासनावर भागवावं लागतं. सणाच्या तोंडावर यार्डात झुंबड असते, त्यामुळे ही तपासणी आठवडाभर आधी उरका. काही खटकलं तर शोरूमला लेखी कळवून दुसरी गाडी मागा. मुहूर्त काय, पुढचाही मिळतो.